काम करणाऱ्या व्यक्तींची संख्या

५ जानेवारी, सोमवार

योजनेच्या लोकांनी दिलेल्या पिशवीत एक टोपी, एक पेन आणि ही डायरी निघाली. टोपी मला होत नाही. पेन पहिल्याच दिवशी गळलं. उरली डायरी, म्हणून लिहायला बसले. त्रेपन्न वर्षांत प्रयोगाच्या वहीशिवाय कशात काही लिहिलं नाही. दिवसभरात जे काय व्हायचं ते संध्याकाळपर्यंत बोलून झालेलं असायचं, लिहिणार काय?

आज उद्योग केंद्रातली खोली ताब्यात मिळाली. दुसरा मजला, नंबर चौदा. दोन ओटे, एक बेसिन, एक कपाट, खिडकीतून खाली गाड्या लावायची जागा दिसते. खोली इतकी रिकामी की बोललं की आवाज घुमतो. मुद्दाम खोकून पाहिलं. घुमतो.

थोडक्यात सांगायचं तर (कुणाला सांगतेय कोण जाणे) प्रकरण असं आहे. चांदीचे कण, केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाहूनही लहान. ते पाण्यात तरंगत ठेवायचे आणि त्या पाण्यात पट्टीचं कापड बुडवायचं. भाजलेल्या माणसाच्या जखमेवर अशी पट्टी लावली की ती रोज सोलून काढावी लागत नाही. भाजलेल्याची पट्टी काढताना ज्याने ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको. अडचण एकच, हे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. न बसावेत म्हणून सगळे लोक त्यात काही ना काही घालतात. मी काही घालत नाही, आणि तरी माझे बसत नाहीत. अर्जाचं नावच ते आहे, ‘कोणताही बाह्य पदार्थ न घालता स्थिर राहणारे’. त्या नावावर सरकारने मला उचललं.

संशोधन कपाटात कुजू नये, बाजारात जावं, अशी ही योजना. वर्षभर खोली, यंत्रं, पाठबळ. अट एवढीच की वीस एप्रिलच्या तपासणीआधी तीन बॅच दाखवायच्या, प्रत्येक तीस दिवस ठेवून तळाशी कणभर गाळ न बसलेली. दाखवल्या तर पुढचा टप्पा, कारखाना आणि हॉस्पिटलातल्या चाचण्या. नाहीतर किल्ली परत. संस्थेतली नोकरी सोडून आलेय, पूर्ण वेळ काम अशी अटच आहे. माझ्या टेबलावर त्यांनी नवा माणूस बसवलासुद्धा.

संध्याकाळी पहिला फॉर्म भरला. ‘प्रकल्पात काम करणाऱ्या व्यक्तींची संख्या’ या रकान्यात लिहिलं, १. दहा मिनिटांत प्रकल्प अधिकाऱ्यांचा फोन. “मॅडम, आकड्यात चालणार नाही. अक्षरी हवं.” मग अक्षरी लिहिलं, एक. या गृहस्थांचं नाव मी रकानेसाहेब ठेवलंय.

८ जानेवारी, गुरुवार

पहिली बॅच केली. संस्थेने मोडीत काढलेली माझी दहा लिटरची रुंद तोंडाची बरणी सोबत आणलीय. दुसऱ्या भांड्यावर माझा हात बसत नाही. मावशींनी निवृत्त व्हायच्या आठवड्यात ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवली होती. आत माझा पांढरा कोट घडी घालून ठेवलेला. कोट इतका कडक की टेबलावर उभा राहील.

मावशी म्हणजे संस्थेत काचेची भांडी धुणाऱ्या. बावीस वर्षं माझ्याच प्रयोगशाळेत होत्या. त्यांनी धुतलेलं भांडं पुन्हा धुणं म्हणजे त्यांचा अपमान, म्हणून बरणी नुसती शुद्ध पाण्याने खंगाळली आणि कामाला लागले.

पावणेबाराला पाणी पिवळं व्हायला लागलं. हा क्षण हजारदा पाहिलाय, तरी “बघा बघा, आली!” असं तोंडून निघून गेलं. खोली घुमली.

रकानेसाहेब दुपारी येऊन बाटलीवर सील लावून गेले. बाटलीला हात लावताना त्यांनी रुमाल धरला होता, बाळ उचलावं तसा.

१८ जानेवारी, रविवार

दादाचा फोन. माझा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात असतो, रविवारी अकराला फोन करतो. आधी स्वतःचा गुडघा, मग वहिनीचा गुडघा, मग मी.

“काय गं, अजून पिवळं पाणीच का?”

“पिवळंच राहायला हवं. राखाडी झालं की संपलं.”

“आणि जेवतेस कुणाबरोबर?”

हा काय प्रश्न झाला? डब्याबरोबर जेवते. शेजारच्या तेरा नंबरमध्ये बॅटरीवाले होते, ते गाशा गुंडाळून गेले. कँटीनमध्ये सगळे आपापल्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. मला काही वाटत नाही. संस्थेतही मी कँटीनमध्ये जात नसे, भांडी धुवायच्या खोलीत स्टुलावर बसून डबा खायची. तिथे ऊन यायचं, म्हणून.

९ फेब्रुवारी, सोमवार

पास! तीस दिवस उलटले, तळ आरशासारखा स्वच्छ. रकानेसाहेबांनी बाटली उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, “छान रंग आहे हो मॅडम.” त्या माणसाच्या तोंडून रकान्याबाहेरचं हे पहिलं वाक्य. जिवात जीव आला. कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून दादाला फोन केला, तर तो डॉक्टरकडे गुडघा दाखवायला गेला होता.

दुसरी बॅच आजच लावली. बरणी या वेळी मी स्वतः धुतली, आधी ऍसिड, मग सात वेळा शुद्ध पाणी. हात दुखले. मावशी हे रोज कसं करायच्या?

१८ फेब्रुवारी, बुधवार

राखाडी झाली. बोटभर गाळ.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

चौथीही बसली. तिसरीचं लिहिलंच नाही, लिहिण्यासारखं काय होतं? रकानेसाहेबांना विचारलं, नापास बॅचचं काय करायचं. त्यांनी नियमावली चाळली. “नापास किती झाल्या याला रकानाच नाही मॅडम. पास तीन पाहिजेत. म्हणजे वीस मार्चच्या आत दोन चांगल्या लागल्या तर तीस दिवस भरतील.” हा माणूस माझ्या बाजूचा आहे की काय, अशी शंका येते.

पाणी बदललं. चांदीचं मीठ नव्या बाटलीतलं घेतलं. तापमान अर्ध्या अंशाच्या आत ठेवलं. पहिली बॅच का टिकली आणि बाकीच्या का नाहीत, याचं उत्तर मला येत नाही. प्रयोग मी केला, हात माझे, डोकं माझं, आणि उत्तर नाही.

संस्थेत मी चिडले की मोठ्याने चिडायची. मावशी नळ सोडून ठेवायच्या, म्हणजे बाहेर ऐकू जात नसे. मग म्हणायच्या, “झालं का? आता सांगा काय बिनसलं.” मी सांगायची. त्यांना त्यातलं काही कळत नसे, तरी सांगता सांगता मलाच चूक सापडायची. आज नळ सोडून पाहिला. नुसतं पाणी वाया गेलं.

३ मार्च, मंगळवार

जुन्या वह्या काढून बसले. बावीस वर्षांच्या. एक गोष्ट दिसली आणि कपाळाला हात लावला.

संस्थेत मी आठवड्याला दोन बॅच करायची, सोमवारी आणि गुरुवारी. सोमवारच्या जवळजवळ सगळ्या टिकल्या आहेत. गुरुवारच्या जवळजवळ सगळ्या बसल्या आहेत. आणि प्रत्येक गुरुवारपुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘हाताळणीतील दोष’. वर्षानुवर्षं. अर्जात मी फक्त सोमवारचे आकडे दिले. खोटं म्हणून नव्हे, देवाशपथ नव्हे. मला खरंच वाटायचं की सोमवारी मी ताजी असते आणि गुरुवारपर्यंत थकलेली. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला दारातून हाकललं असतं.

मग सोमवारी असं होतं काय? दिवसभर विचार केला. गुरुवारी खालच्या मजल्यावर मुलांची प्रात्यक्षिकं असायची, लिफ्ट सारखी चालायची. हादरे! हादऱ्यांनी कण एकमेकांवर आपटत असणार. इथे खाली गाड्या येतात-जातात. जमतंय.

१० मार्च, मंगळवार

हादऱ्यांसाठी संगमरवरी फरशी आणली, तिच्याखाली रबर. फरशी दुसऱ्या मजल्यावर चढवताना दोघा हमालांनी मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सोमवारी, अगदी सोमवारीच, बॅच केली. आज दुसऱ्याच दिवशी राखाडी.

म्हणजे सोमवारही नाही, फरशीही नाही. खुर्चीत बसून राहिले. खोलीत कुणी नाही हे आज पहिल्यांदा इतकं जाणवलं की उठून दार उघडं ठेवलं. कॉरिडॉरमध्येही कुणी नव्हतं. दहा दिवस उरलेत. रडू आलं, रडले. कुणी विचारायला नव्हतं म्हणून लवकर थांबले.

१२ मार्च, गुरुवार

रकानेसाहेबांचा फोन. योजनेच्या माहितीपत्रकासाठी माझा फोटो हवाय, सोमवारी फोटोवाला येणार. “पांढरा कोट घाला मॅडम. शास्त्रज्ञ वाटलं पाहिजे.” बावीस वर्षांनी आता वाटायचं राहिलंय.

कोट पाहिला तर पार चोळामोळा झालाय. दोन महिने घरीच धुतेय, वाळला की चिंधी होतो. संस्थेची लाँड्री काही म्हणा, चांगली होती. दर सोमवारी खुंटीवर कोट कसा करकरीत लागलेला असायचा. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याकडे देऊन आले.

१४ मार्च, शनिवार

घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नये.

लाँड्रीत कोट आणायला गेले. लाँड्रीवाला म्हणाला, “ताई, नेहमीसारखा स्टार्च मारलाय. बघा.”

“नेहमीसारखा? याला मी कधी स्टार्च मारलेलाच नाही.”

“काय चेष्टा करता! शिवणीत जुना स्टार्च बसलाय, थरावर थर. कॉलरच्या आत बोट घाला. कितीतरी वर्षं कुणीतरी दर आठवड्याला हाताने घालतंय. मशीनचा असा बसत नाही. मन लावून केलेलं काम आहे.”

मी म्हटलं, संस्थेची लाँड्री करायची. तिथेच उभं राहून संस्थेच्या भांडारपालाला फोन लावला. तो हसायलाच लागला. “मॅडम, आपली लाँड्री बंद होऊन पंधरा वर्षं झाली.”

मग कोट नाकाशी धरला. तो वास सोमवार सकाळचा. बरणीत तोंड घालून मी खंगाळायची तेव्हाचा वास. मला वाटायचं स्वच्छ काचेचा वास असाच असतो. स्वच्छ काचेला वास नसतो, बाई! पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळेल.

उद्या मावशींकडे जाते. पत्ता भांडारपालाकडून घेतला. बावीस वर्षांत माझ्याकडे त्यांचा पत्ता नव्हता.

१५ मार्च, रविवार

केंद्रापासून मावशींचं घर चालत सोळा मिनिटं. मोजली. दोन महिने मी त्यांच्यापासून सोळा मिनिटांवर एकटी बसून डबा खात होते.

तळमजल्यावर एक खोली, शिलाई मशीन, खिडकीत मिरचीचं रोप. दार मावशींनीच उघडलं.

“मॅडम? तुम्ही? बसा, बसा. कुणी गेलं का?”

“कुणी नाही गेलं.”

“मग बरणी फुटली?”

बरणीसुद्धा फुटली नाही म्हटल्यावर त्या जरा स्थिरावल्या. चहा ठेवला. मी कोट मांडीवर ठेवला आणि विचारलं, “मावशी, हा तुम्ही स्टार्च करायचात?”

त्यांचा चेहरा उतरला. “शेवटी कळलंच का? मला वाटलंच होतं एक दिवस ओरडा बसणार. काय करू, तुम्ही चोळामोळा कोट घालून मोठमोठ्या लोकांसमोर उभ्या राहायच्या. मला बघवायचं नाही. लाँड्री बंद झाली हे तुम्हाला कळलंसुद्धा नव्हतं. त्याच्या आधीही ते नीट करायचे नाहीत, म्हणून मी पहिल्यापासूनच शनिवारी घेऊन ठेवायची.”

“आणि स्टार्च कशात कालवायचात?”

त्यांनी पदर तोंडाला लावला.

“मावशी, रागावत नाही. सांगा.”

“बरणीत. कोट मावेल असं दुसरं होतं काय तिथे? पण शनिवारचं तुमचं ऍसिडचं धुणं आधी करायची हां, मगच स्टार्च. आणि नंतर दोनदा विसळायची. साबण लावला असता, पण या बरणीला साबण लावायचा नाही असं तुम्हीच भिंतीवर लिहून ठेवलं होतं. मोठ्या अक्षरात.”

लिहिलं होतं खरं. लाल पेनाने.

“आणि निवृत्त झालात तेव्हा?”

“शेवटचा कोट केला, बरणी विसळली आणि गुंडाळली. म्हटलं, पुढे कोण करणार आहे?”

मी हसायला लागले. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. मावशी घाबरून पाणी घेऊन आल्या. त्यांना काय सांगू? माझे कण एकमेकांना चिकटत नव्हते कारण त्यांच्याभोवती तुमचा स्टार्च होता, मावशी. दर सोमवारी. मी काही घालत नव्हते हे खरंच होतं, तुम्ही घालत होता.

निघताना दारात म्हणाल्या, “निरोपाच्या दिवशी तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. शेजारची. कुणाला बसू दिलं नाही.”

मी त्या दिवशी अर्ज भरत होते. शेवटची तारीख होती. शिपायाच्या हाती फुलं पाठवली होती. तेव्हा ते पुरेसं वाटलं होतं.

१६ मार्च, सोमवार

फोटो काढून झाला. फोटोवाला म्हणाला, जरा हसा. हसले म्हणे.

दोन बॅच लावल्या. बरणीत आधी स्टार्च फिरवला, दोनदा विसळली, मावशी करायच्या तसंच. रंग असा आला की काय सांगू.

२ एप्रिल, गुरुवार

दोन्ही टिकल्या आहेत. टिकणारच. चांदीचे कण स्टार्चने धरून ठेवता येतात हे जगाला कधीपासून माहीत आहे. पुस्तकात आहे, मी स्वतः मुलांना शिकवलंय. म्हणून तर माझं वेगळेपण होतं, की काहीच न घालता. आता ते राहिलं नाही. होतं असंही नाही म्हणा.

पण हे फक्त मला माहीत आहे. मला आणि मावशींना, आणि मावशींना यातलं काही कळत नाही. बाटल्या तीन आहेत, स्वच्छ आहेत, नियमात बसतात. स्टार्च इतका थोडा आहे की कुणी शोधायला बसलं नाही तर सापडणार नाही, आणि शोधायचा रकानाच नाही. गप्प बसले तर पुढचा टप्पा. पट्ट्या हॉस्पिटलात जातील, त्या चांगल्याच आहेत, भाजलेल्या माणसाला काय फरक पडतो? तीन दिवस हेच घोळवतेय. खरं सांगायचं तर तोंड बंद ठेवायचं जवळजवळ ठरलंय.

५ एप्रिल, रविवार

दादाला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच त्याने गुडघा काढला नाही. म्हणाला, “गप्प बस. कुणाचं नुकसान होत नाहीये.” आणि मग, “पण त्या बाईंना माहीत आहे का, की त्यांनी केलं?”

माहीत नाही. मी सांगितलंच नाही. त्यांना अजून वाटतंय की त्यांनी माझं काहीतरी बिघडवलं.

११ एप्रिल, शनिवार

मावशींकडे गेले. कोट घेऊन. कोटाला पुन्हा स्टार्च करायचाच होता, त्यात काही विशेष नाही.

त्यांना सांगितलं. बोटाने टेबलावर गोल काढून दाखवले, हे कण, हा तुमचा स्टार्च. त्यांनी कपाळाला आठ्या घालून सगळं ऐकलं. “म्हणजे बिघडवलं नाही ना मी?”

“नाही मावशी. तुमच्यामुळेच टिकलं.”

मग म्हणाल्या, “आणि मी बावीस वर्षं जीव मुठीत धरून विसळत होते!”

जेवायला थांबले. मग विचारलं, वीस तारखेला काय करू? त्या म्हणाल्या, “मला काय विचारता मॅडम, मला त्यातलं कळत नाही.” आणि नळाखाली ताटं धरली. नळ जोरात सोडला. मी बोलत सुटले, सगळं, पहिल्यापासून. त्या म्हणाल्या, “झालं का?”

झालं.

२० एप्रिल, सोमवार

तपासणी. लांब टेबल, सात माणसं, रकानेसाहेब कोपऱ्यात. तीन बाटल्या मांडल्या. अध्यक्षांनी त्या उजेडात धरल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाले, “अभिनंदन. काही सांगायचंय?”

मी म्हटलं, “हो. यात स्टार्च आहे.”

मग सगळं सांगितलं. सोमवार, गुरुवार, ‘हाताळणीतील दोष’, बरणी, कोट. मध्येच कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, “मॅडम, मग यात नवीन काय राहिलं?”

“काही नाही.”

“मग आम्ही पाठबळ कशाला द्यायचं?”

“तेच म्हणतेय मी.”

बाहेर आले. रकानेसाहेब मागून पळत आले. म्हणाले, “मॅडम, नसतं सांगितलं तर झालं असतं हो. तीन पास होत्या.” त्यांचे डोळे भरून आले होते. मी या माणसाची इतके दिवस टिंगल केली.

४ मे, सोमवार

पत्र आलं. प्रकल्प बंद. ठपका नाही, ‘प्रामाणिकपणाची नोंद घेण्यात आली आहे’ असं एक वाक्य आहे. महिनाअखेर किल्ली. सोबत समारोपाचा फॉर्म, अकरा पानी.

पत्र वाचून झालं आणि नुसती बसून राहिले. बावीस वर्षं. मला वाटायचं माझ्या हाताला यश आहे. दुःख होतंय, ते लपवून काय करू? पण कोंडल्यासारखं वाटत नाहीये, दहा मार्चला वाटलं होतं तसं.

२३ मे, शनिवार

भांडी धुऊन परत द्यायची होती. मावशी मदतीला आल्या. बोलावलं नव्हतं, मीच सहज तारीख बोलून गेले होते. आल्या आल्या बेसिनकडे पाहून म्हणाल्या, “अरे देवा, मॅडम, हे तुम्ही धुतलंय?” सगळं पुन्हा धुतलं. हमाल ती फरशी खाली न्यायला आले तेव्हा मावशींनी त्यांना दुप्पट ऐकवलं.

दुपारी स्टुलावर बसून डबा खाल्ला, दोघींनी. त्यांनी विचारलं, “मग सगळं वाया गेलं का हो?” मी म्हटलं, पट्टी चालते मावशी, कुणीही करू शकतं, फक्त ती माझी नाही. त्या म्हणाल्या, “कोट तर तुमचा आहे ना?” आणि घेऊन गेल्या. आता कोट मला कुठे लागणार आहे, पण पुढच्या शनिवारी आणायला जावं लागेल.

समारोपाचा फॉर्म रात्रीसाठी न ठेवता तिथेच भरून रकानेसाहेबांच्या टपालात टाकला.

१० जून, बुधवार

फॉर्म परत आला. पान तीनवर लाल खूण. ‘आपल्या पूर्वीच्या सर्व फॉर्ममध्ये प्रकल्पात काम करणाऱ्या व्यक्तींची संख्या एक अशी आहे. समारोपाच्या फॉर्ममध्ये ती दोन दाखवली आहे. तफावतीचा खुलासा करावा.’

खाली पेन्सिलने, रकानेसाहेबांच्या अक्षरात, अगदी बारीक: ‘मॅडम, थोडक्यात लिहिलंत तरी चालेल.’

थोडक्यात लिहिलं. ‘दुसऱ्या व्यक्तीची नोंद करायची राहून गेली होती. बावीस वर्षं. चूक माझी आहे.’